नैऋत्येचा वारा

मे महिन्यातल्या एका रविवारी आपल्या शाळेत आठ दिशांची नावे शिकवली. घरी येताना माझी दहा वर्षांची लेक गाडीत "ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य" असे घोकत होती. रात्री आजोबांना रत्नागिरीला फोन लावला. एरवी "कशी आहेस?" "बरी आहे" एवढे झाले की फोन माझ्या हातात येतो. पण त्या दिवशी आजोबा म्हणाले, "आता नैऋत्येचे वारे सुटले की पाऊस आलाच." शब्द ओळखीचा निघाला! तिने लगेच विचारले, "पण आजोबा, नैऋत्येकडूनच का?"

"अगं, तुझा बाबा इंजिनीअर आहे ना? त्याला विचार."

बाबाने ऐटीत सांगितले, "पृथ्वी पूर्वेकडे फिरते, हवा मागे राहते, तोच वारा."

"मग वारा नेहमी पूर्वेकडूनच यायला हवा. आजोबांचा तर समुद्राकडून येतो!"

प्रोग्रॅममधली चूक चारचौघांत सापडावी तसे मला झाले. मुकाट्याने पुस्तके काढली.

धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेल्या एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये वाऱ्यांचे मूळ सूर्याच्या उष्णतेत आहे असे मांडले. पण पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेब त्यात धरला जॉर्ज हॅडली यांनी, १७३५ मध्ये. हॅलींचेही उत्तर अपुरे होते हे वाचून मला जरा धीर आला!

गोष्ट अशी आहे. उन्हाळ्यात भारताची जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला विषुववृत्तापलीकडून, दक्षिणेकडून हवा येते. आता विषुववृत्तावरची जमीन पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते, रत्नागिरीची सुमारे १६००. विषुववृत्त ओलांडून उत्तरेला निघालेली हवा आपला जादा वेग घेऊन येते, जमिनीच्या पुढे पळते, म्हणजेच पूर्वेकडे वळते. दक्षिणेचा वारा असा नैऋत्येचा होतो आणि अरबी समुद्रावरचे बाष्प घेऊन सह्याद्रीला धडकतो. उलट, उत्तरेकडून विषुववृत्ताकडे जाणारी हवा खरोखरच मागे पडते. म्हणून तिथले व्यापारी वारे ईशान्येकडून वाहतात. म्हणजे माझे उत्तर निम्मेच बरोबर होते. ऊन हवेला हलवते, पृथ्वीचे फिरणे तिला वळवते.

पुढच्या रविवारी लेकीने हे सारे आजोबांना मराठीतून सांगितले. "हवा फास्ट असते आजोबा, आणि खाली जमीन स्लो असते," अशी थोडी भेसळ झाली, पण आजोबांना सगळे कळले. "जन्मभर पाऊस बघितला, पण हे कुणी सांगितलं नव्हतं हो," ते म्हणाले. वीस मिनिटे झाली तरी फोन माझ्याकडे आला नाही. तक्रार कसली करणार?

मुलांनो, पुढच्या फोनवर "बरी आहे" किंवा "बरा आहे" म्हणून थांबू नका. आजी-आजोबांना विचारा, "तुमच्याकडे आज वारा कुठल्या दिशेचा आहे?" आणि मग बघा गप्पा कशा रंगतात!