किती एपी घेतेय?

न्यू जर्सीतल्या आमच्या भागात संक्रांत आली की मराठी घरांमध्ये एक प्रश्न फिरू लागतो. हळदीकुंकवाला तिळगुळाबरोबर तोच, मराठी शाळेबाहेर मुलांची वाट पाहणाऱ्या आयांच्या तोंडी तोच आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोजच: ‘‘तुमची किती एपी घेतेय?’’ माझी लेक दहावीत होती त्या वर्षी तो माझ्याही वाट्याला आला. पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म फेब्रुवारीत शाळेला द्यायचा होता.

एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय हायस्कूलमध्येच शिकायचा, मे महिन्यात देशभर होणारी परीक्षा द्यायची आणि १ ते ५ यांपैकी एक गुण मिळवायचा. कॉलेज बोर्ड १९५५पासून हे चालवतं. चांगला गुण मिळाला तर पुष्कळ कॉलेजं त्या विषयाचं क्रेडिट देतात, म्हणजे तो विषय आणि त्याची फी वाचू शकते. एका परीक्षेचे साधारण शंभर डॉलर पडतात, कॉलेजातल्या एका विषयाच्या फीपुढे ते काहीच नाहीत. हिशोब इतका सरळ दिसतो की माणूस लगेच म्हणतो, घ्या जेवढे मिळतील तेवढे.

मी सांगलीची. आमच्याकडे दहावीच्या टक्क्यांनी शाखा ठरली आणि बारावीच्या ग्रुपनं पुढचा रस्ता. बारावीच्या बायफोकल या व्यावसायिक अभ्यासक्रमाला नंबर लागला म्हणून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, त्यापायी मराठी विषय सुटला. सोडायचा का, असं मला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारायला हवं होतं असं घरात कुणाला वाटलंही नव्हतं. त्यामुळे एक-एक विषय मुलीनं स्वतः निवडायचा, ही गोष्ट आमच्या दोघांच्या अंगवळणी पडलेली नव्हती. नवऱ्याच्या मते प्रश्नच नव्हता. कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स, केमिस्ट्री, इंग्लिश लँग्वेज आणि अमेरिकेचा इतिहास असे पाच एपी तिला घेता येत होते, तर पाचही घ्यायचे.

अडचण व्हायोलाची होती. लेक सहावीपासून शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. एपी केमिस्ट्रीला प्रयोगासाठी जोडून दोन तास लागतात आणि त्यातला एक नेमका ऑर्केस्ट्राच्या तासावर येत होता. दुसरी मेख जीपीएची, म्हणजे ग्रेडच्या सरासरीची. तिच्या शाळेत साध्या विषयातल्या ‘ए’ला ४ गुण आणि एपीतल्या ‘ए’ला ५. ऑर्केस्ट्रा साधा विषय. म्हणजे कितीही सुंदर वाजवलं आणि ‘ए’ मिळाला, तरी एपीवाल्या मुलांच्या तुलनेत सरासरी खालीच येणार. या एकाच कारणानं अकरावीत वाद्य खाली ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत. लेकीनं जेवताना सांगून टाकलं, ‘‘आई, ऑर्केस्ट्रा मी सोडणार नाही. बाकीचं बोलू.’’

‘‘आणि इंजिनिअरिंगला जायचं असेल तर? केमिस्ट्रीशिवाय?’’ बाबांचा प्रश्न.

शाळेच्या काउन्सेलरनी या वादात कुणाचीच बाजू घेतली नाही. त्यांनी लेकीपुढे एक कागद ठेवला, त्यावर आठवड्यातल्या प्रत्येक दिवसाचे चोवीस तास आखलेले होते. शाळा, बस, तालीम, जेवण, प्रत्येक एपीचा गृहपाठ असं भरत जायचं आणि झोप सगळ्यात शेवटी लिहायची. पाच एपी धरून झोपेला जेमतेम पाच तास उरत होते. किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असं अमेरिकेतले झोपेचे डॉक्टर सांगतात. मग काउन्सेलर आमच्याकडे वळून म्हणाल्या की मार्कांच्या पत्रकाबरोबर शाळा स्वतःचीही माहिती कॉलेजांना पाठवते. तुमच्या शाळेत काय मिळत होतं आणि त्यातून मुलानं काय घेतलं, हे तिथले लोक पाहतात. अवघड विषय हवेत, पण अमुक इतकेच असा आकडा कुणी ठरवून दिलेला नाही.

त्यानंतर लेक बारावीतल्या मुलांशी बोलली आणि तिला वेगळीच गोष्ट कळली. नावावरून विषयाचा अवघडपणा जोखता येत नाही. कॅल्क्युलस बीसी हा कॅल्क्युलस एबी या दुसऱ्या एपीहून मोठा, तरी तिथे चाळीस टक्क्यांहून जास्त मुलांना ५ मिळतो, कारण गणिताची आवड असलेलीच मुलं तिकडे जातात. याउलट एपी फिजिक्स १ला वरवर पाहता साधं बीजगणित पुरतं, पण २०२३पर्यंत बहुतेक वर्षी निम्म्याहून कमी मुलांना ३ किंवा त्याहून जास्त गुण मिळाले.

काउंटी कॉलेजात जाऊन विषय करायचा पर्यायही आम्ही पाहिला. त्याला इथे ड्युअल एन्रोलमेंट म्हणतात. तिथे एका परीक्षेवर सगळं अवलंबून नसतं, वर्गातल्या ग्रेडवरच क्रेडिट मिळतं. पण ती ग्रेड कायमची कॉलेजच्या नोंदीत राहते आणि पुढे मेडिकलसारख्या ठिकाणी अर्ज करताना दाखवावी लागते. सोळाव्या वर्षी मिळालेला ‘सी’ पंचविशीपर्यंत मागे येऊ शकतो. एपीत कमी गुण मिळाला तर तो कॉलेजला कळवायची सहसा सक्ती नसते. तिनं काउंटी कॉलेज नको म्हटलं.

शेवटी फॉर्मवर तीन एपी गेले: कॅल्क्युलस बीसी, अमेरिकेचा इतिहास आणि इंग्लिश लँग्वेज. केमिस्ट्री एपीऐवजी ऑनर्स पातळीची घेतली, ती ऑर्केस्ट्राच्या तासावर येत नव्हती. फिजिक्स बारावीसाठी ठेवलं.

त्या वर्षात घराला सगळ्यात जास्त मिळालं ते इतिहासातून, आणि इंजिनिअरिंगच्या दृष्टीनं तो विषय कुणीच मोजला नव्हता. अभ्यासक्रम १४९१पासून आजपर्यंतचा. परीक्षेत सात मूळ कागदपत्रं समोर ठेवून निबंध लिहायला लावतात, पाठांतर तिथे फारसं कामाला येत नाही. एका रात्री ती जेवताना भगतसिंग थिंद यांच्याबद्दल सांगत होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेला हा शीख माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल १९२३मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं दिला. भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं ते १९४६च्या कायद्यानं. नागरिकत्वाच्या परीक्षेचे शंभर प्रश्न पाठ करून पास झालेले आम्ही दोघं तिचं ऐकत बसलो होतो. त्या शंभरात थिंद नव्हते.

हा निर्णय एकदा घेऊन संपत नाही, हे तेव्हा कळत गेलं. फेब्रुवारीत विषय ठरतो. परीक्षेसाठी नाव नोंदवायचं ते नोव्हेंबरमध्ये, आणि तिच्या शाळेत विषय घेतला तरी परीक्षा देणं बंधनकारक नव्हतं. तिच्या मनातल्या कॉलेजांत पहिल्या वर्षी लेखनाचा विषय सगळ्यांनाच करावा लागतो, म्हणून इंग्लिशची परीक्षा तिनं दिलीच नाही. तिसरी वेळ येते प्रवेश झाल्यावर. बारावीतल्या परीक्षांचे गुण जुलैत येतात, तोवर प्रवेश कधीच ठरलेला असतो. त्यामुळे त्या गुणांचा उपयोग फक्त क्रेडिटसाठी. तिथेही प्रत्येक कॉलेजची तऱ्हा वेगळी. कॅलिफोर्नियाचं सरकारी विद्यापीठ ३ गुणांनाही युनिट्स देतं. डार्टमथनं क्रेडिट देणं बंद केलं आहे. कॅलटेक तर देतच नाही, तिथे त्यांची स्वतःची परीक्षा असते.

लेकीला कॅल्क्युलसमध्ये ५ मिळाले होते आणि तिचं कॉलेज तिला थेट तिसऱ्या कॅल्क्युलसला बसवायला तयार होतं. तिनं इतिहासाचं क्रेडिट घेतलं, पण कॅल्क्युलस दुसऱ्यापासून पुन्हा केलं. इंजिनिअरिंगची चार वर्षं ज्या गणितावर उभी राहायची ते आणखी घट्ट हवं, असं तिचं म्हणणं. बाबांनी फीचा हिशोब मांडून पाहिला आणि कागद बाजूला ठेवला. पहिल्या सत्रात विषय कमी झाला नाही, पण ताण कमी राहिला. कॉलेजच्या ऑर्केस्ट्रातही तिनं नाव दिलं.

आता लहान मुलांचे आईबाप मला विचारतात तेव्हा मी आकडा सांगत नाही. मुलाच्या मनात असलेल्या दोन-तीन कॉलेजांच्या संकेतस्थळांवर क्रेडिटचं धोरण वाचा, ते सगळं उघड लिहिलेलं असतं. चोवीस तासांचा कागद मुलाला भरू द्या आणि तुम्ही तो खोडू नका. एपीमुळे जो विषय सुटणार आहे त्याचं नाव फॉर्मशेजारी लिहून ठेवा आणि तो सुटला तर चालेल का, हे मुलाला विचारा. आमच्या पिढीला हे विचारणारं कुणी नव्हतं. तुमच्या मुलांना तुम्ही आहात, तेव्हा विचारा आणि उत्तर आवडलं नाही तरी ऐका.