यतीम कुणाला म्हणावे?

यतीमाच्या डोक्यावरून मायेने हात फिरवावा, हे आम्हाला घरातच शिकवले गेले. त्यात मोठा सवाब आहे, हेही सांगितले गेले. आता आमच्यातली शिकली-सवरलेली मुले आखातात, इंग्लंड-अमेरिकेत राहतात. सुट्टीत पैसे भरून दूरदेशीच्या अनाथाश्रमात चार आठवडे सेवा करण्याचे बेत त्यांच्यापुढे येतात. त्यांची नीयत साफ असते. पण नीयत साफ असली म्हणजे कामही नेक झाले का?

कंबोडियाचे उदाहरण घ्या. २००५ ते २०१० या काळात तिथले अनाथाश्रम सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. तेव्हा यादवी संपून बरीच वर्षे लोटली होती; वाढत होते ते पर्यटक. युनिसेफने २०११ मध्ये दाखवून दिले, की आश्रमांतल्या चारपैकी जवळजवळ तीन मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. शाळा मिळेल, पोटभर जेवण मिळेल, या आशेने गरीब आईबापांनीच मुले सोपवली होती. पाहुणे देणगी देतात, म्हणून आश्रमाला मुले लागतात. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा अशा कमाईसाठी मुलांना आश्रमात आणणे हीही गुलामगिरीच मानली.

शरियतमध्ये यतीम म्हणजे बापाचे छत्र हरपलेले अजाण मूल. त्याची आई असू शकते, आजा-चुलता असतो. खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) जन्माआधीच पित्याला मुकले, सहाव्या वर्षी आई गेली. आधी आजोबा अब्दुल मुत्तलिब आणि मग चुलते अबू तालिब यांनी त्यांना आपल्या घरात वाढवले.

आश्रमात मात्र दर महिन्याला नवी ताई, नवा भाऊ येतो. माया लावतो, निघून जातो. मूल अनोळखी माणसाच्या गळ्यात पडते. आपण त्याला प्रेम समजतो. मुलांचे मन जाणणारे त्यात वारंवार तुटलेल्या मायेची जखम पाहतात. आमच्या मोहल्ल्यातील मदरशात कुणी परका चौकशीविना मुलांत राहू लागला, तर आम्ही खपवून घेऊ का? मग कंबोडियातल्या गरिबाच्या लेकरासाठी वेगळा न्याय का?

जायचेच असेल तर आपल्याला येणारे काम तिथल्या शिक्षकांना, परिचारिकांना शिकवावे. आणि परदेशी आश्रमासाठी मदत काढण्याआधी आम्ही आपापल्या घरी एवढे जरूर विचारावे: या पैशाने मूल आईजवळ राहील, की आईपासून तुटेल?