कुठे थांबायचं ते सांगा

विज्ञानकादंबरी सुचवा म्हणणाऱ्याला मी आधी दोन प्रश्न विचारते. सध्या काय वाचताय? आणि अलीकडे अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं? दुसऱ्या प्रश्नाला लोक जरा ओशाळतात, इकडेतिकडे बघतात, पण माझं काम त्याच उत्तरावर चालतं. माणसाला काय आवडतं हे त्याचं त्यालाही नीट सांगता येत नाही. कुठे कंटाळा आला हे मात्र अगदी पान क्रमांकासकट आठवतं.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून साताऱ्यातल्या एका वाचनालयात संध्याकाळी मी देवघेव विभागात बसते. ऐतिहासिक कादंबऱ्या, आत्मचरित्रं, रहस्यकथा यांची शिफारस करायला माझी गरज नसते, वर्गणीदार रांगेत उभ्या उभ्या एकमेकांना सांगतात. विज्ञानकथेच्या कपाटाशी मात्र पाय अडखळतात. ‘‘आमचं शाळेत विज्ञान कच्चं होतं हो काकू,’’ ही ठरलेली सबब. जणू शिवकालीन कादंबरी वाचायला आधी दांडपट्टा यावा लागतो!

मराठीपुरतं बोलायचं तर ही भीती घालवणं सोपं आहे. आपल्याकडे विज्ञानकथा वाढली ती मासिकांत आणि दिवाळी अंकांत. त्यामुळे ती मुख्यतः कथाच राहिली, एका बैठकीत संपणारी. जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांचा कोणताही संग्रह उघडा, दोन कथा वाचा, नाही पटलं तर उद्या परत आणा. मे २०२५मध्ये नारळीकर गेले तेव्हा आठवडाभर त्यांच्या पुस्तकांसाठी लोक येत होते. बहुतेकांना आत्मचरित्र हवं होतं. मी त्याबरोबर कथासंग्रहही पुढे सरकवत होते आणि १९७४ची ती गोष्ट सांगत होते. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवताना त्यांनी नारायण विनायक जगताप असं टोपणनाव घेतलं. आद्याक्षरं स्वतःचीच, पण उलटी. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. तरी पहिलं बक्षीस मिळालं. ही हकिगत ऐकली की संग्रह न नेणारा वर्गणीदार मी अजून पाहिलेला नाही.

खरी पंचाईत पुढे होते. संग्रह आवडला, इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येतं, आता काहीतरी मोठं हवं, अशी मंडळी येतात. आणि मोठं म्हणजे बाहेर मालिकाच. तीन भाग, सहा भाग, नऊ भाग. कुठून सुरू करायचं हे सांगणारे पैशाला पासरी मिळतात. कुठे थांबलं तरी चालेल हे कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते शिफारशीचं अर्धं काम तिथे आहे.

हे मला शिकवलं तारखेच्या चिठ्ठीने. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आम्ही ती डकवतो आणि परतीच्या तारखेचा शिक्का मारतो. एका वर्गणीदाराने फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’चे सहाही भाग देणगी दिले होते. २०२१ आणि २०२४च्या चित्रपटांनंतर कॉलेजची मुलं त्यांच्यावर तुटून पडली. एकदा सहाही भाग समोर मांडून नुसत्या चिठ्ठ्या बघितल्या. पहिल्या भागाची चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी डकवलेली. दुसऱ्याची निम्मी भरलेली. तिसऱ्यावर थोडे शिक्के, चौथ्यावर एखाददुसरा, आणि शेवटचे दोन भाग कोरे करकरीत. इतकं रोखठोक परीक्षण कुठल्या मासिकात छापून येणार?

पण मी त्या चिठ्ठीचंही पूर्ण ऐकत नाही. ‘ड्यून’ १९६५चं. वीसहून जास्त प्रकाशकांनी नाकारल्यावर मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चिल्टन या कंपनीने ते छापलं. वाळवंटी ग्रह, तिथेच मिळणारा मसाला, त्याच्यासाठी चाललेली घराण्यांची लढाई आणि बापाच्या मृत्यूचा सूड घेणारा राजपुत्र. तिथेच थांबलं तर तो पॉल आपला नायक होऊन बसतो. हर्बर्टला नेमकं उलटं सांगायचं होतं. लोकांनी तारणहार म्हणून डोक्यावर घेतलेल्या माणसापासून सावध राहा, हे. ते उघड होतं १९६९च्या ‘ड्यून मसाया’त. तिथे बारा वर्षांनंतरचा बादशहा पॉल आपल्या नावाने मारल्या गेलेल्या एकसष्ट अब्ज माणसांचा हिशेब मांडतो. पुस्तक अंगाने बारीक, लढाया जवळपास नाहीत, म्हणून मुलं कुरकुरतात. मी सांगते, हे दोन्ही भाग मिळून एक कादंबरी समजा. दुसरा वाचायचा नसेल तर पहिलाही नेऊ नका. तिसऱ्यापासून पुढे तुमची मर्जी. चौथ्यात मुख्य पात्र साडेतीन हजार वर्षं जगलेलं अर्धं माणूस, अर्धं गांडूळ आहे. ते मला स्वतःला फार आवडतं, पण कोणाला आग्रह करणार नाही.

डॅन सिमन्सच्या ‘हायपेरियन’ची तऱ्हा आणखी वेगळी. १९८९चं हे पुस्तक. सात यात्रेकरू निघालेत आणि वाटेत आपापली हकिगत सांगतायत. त्यातली उलट्या वयाने लहान होत जाणाऱ्या मुलीची आणि तिच्या बापाची गोष्ट वाचून आमच्या एक वर्गणीदार बाई दोन दिवस नातीला मांडीवरून उतरू देत नव्हत्या. आणि मग? यात्रेकरू मुक्कामाशी पोचतायत तेवढ्यात पुस्तक संपतं. उत्तरं पुढच्या वर्षीच्या ‘द फॉल ऑफ हायपेरियन’मध्ये. आमच्याकडे एका वर्गणीवर एकच पुस्तक मिळतं. म्हणून पहिला भाग कोणी नेला की दुसरा मी कपाटात न ठेवता खणात ठेवते. नियमात बसत नाही. पण शनिवारी रात्री पहिला संपवून सोमवारी दार उघडायच्या आधी पायरीवर उभं राहिलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं कसं?

मालिकांची भीती आपल्या लोकांना वाटू नये खरं तर. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा नायक झुंजार कोणत्याही पुस्तकात उचला, काही अडत नसे. फास्टर फेणेचंही तेच. तशी कुठूनही शिरता येणारी घरं विज्ञानकथेतही आहेत. अर्नाळकरांवर वाढलेले रेल्वेतले एक निवृत्त काका आहेत. त्यांना मी आयझॅक असिमोव्हचं ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ दिलं, १९५४चं. छताखाली झाकलेलं भविष्यातलं न्यूयॉर्क, एक खून, कटकट्या स्वभावाचा डिटेक्टिव्ह बेली, आणि त्याच्या जोडीला माणसासारखा दिसणारा रोबो डॅनील. काका म्हणाले, ‘‘यात विज्ञान कुठंय? हा तर सरळ खुनाचा तपास आहे.’’ मी गप्प बसून त्याच जोडीचं ‘द नेकेड सन’ पुढे केलं.

इतिहासाच्या माणसाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. आमच्याकडे एक निवृत्त इतिहासशिक्षक येतात, पेशवाई कोळून प्यायलेले. त्यांना आधी नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ दिली. विश्वासरावांना लागणारी गोळी चुकते, मराठे पानिपत जिंकतात, आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर त्या निराळ्याच हिंदुस्थानात जाऊन पडतात. सरांनी कथा परत करताना तीन आक्षेप काढले, त्यातले दोन भाऊसाहेबांच्या रसदीवर. म्हणजे गाडी रुळावर होती. मग दिलं असिमोव्हचं ‘फाउंडेशन’.

असिमोव्हला ही कल्पना सुचली ती गिबनच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरच्या ग्रंथावरून. १९४२पासून मासिकात कथा येत गेल्या आणि १९५१, ५२, ५३ अशी तीन पुस्तकं झाली. आकाशगंगेचं साम्राज्य बुडणार हे हारी सेल्डन गणिताने ओळखतो. बुडणं टळणार नाही, पण त्यानंतरचा अंधार तीस हजार वर्षांऐवजी हजार वर्षांवर आणता येईल, म्हणून तो एका कोपऱ्यातल्या ग्रहावर ज्ञानाची वसाहत उभी करतो. पुस्तकात बंदुकांपेक्षा बैठका जास्त. तरुण पोरं इथेच कंटाळतात. सर मात्र रंगले. वसाहतीचा महापौर सॅल्व्हर हार्डिन हाताशी फौज नसताना भोवतालच्या चार राज्यांना एकमेकांच्या धाकात ठेवतो. ते वाचून सर काउंटरवरच म्हणाले, ‘‘अहो, हे नाना फडणीस!’’ पुढच्या खेपेला म्यूलवरून वाद. माणसांच्या समूहाचं गणित मांडता येतं, पण असा एखादा अचाट माणूस निघाला की सगळं गणित कोलमडतं, हे दुसऱ्या पुस्तकाचं मर्म. सरांकडे त्याला मराठी इतिहासातले चार दाखले तयार होते. मागची रांग चुळबुळत होती.

‘फाउंडेशन’वर दुसऱ्या एका बाईंनी, शाळेत गणित शिकवतात त्या, एका वाक्यात निकाल दिला होता: ‘‘काकू, आख्ख्या आकाशगंगेत बायका नाहीत का?’’ पहिल्या भागापुरतं जवळपास खरं. दुसऱ्यात बेटा डॅरेल येते आणि म्यूलचा डाव तीच उधळते, पण तोवर थांबायचं कोणी? त्यांना मी उर्सुला ल ग्विनचं ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ दिलं, १९६९चं. तिथल्या बर्फाळ ग्रहावर माणसं एरवी ना पुरुष ना बाई, महिन्यातले थोडे दिवसच यातलं काहीतरी एक होतात. राजाच गरोदर असू शकतो! सुरुवातीची नावं आणि दरबारी गुंता सोसवत नाही, म्हणून मी सांगितलं, हिमनदी ओलांडायचा प्रवास येईपर्यंत सोडायचं नाही. त्यांनी सोडलं नाही. ल ग्विनच्या या विश्वातल्या कादंबऱ्यांना क्रमही नाही, हवी ती आधी वाचावी.

इतिहासाच्या सरांनी ‘फाउंडेशन’ची तीन पुस्तकं संपवून चौथं मागितलं तेव्हा मी म्हटलं, इथे थांबलात तरी काही बिघडत नाही. चौथं आलं १९८२मध्ये, जवळपास तीस वर्षांनी, प्रकाशकाच्या लकड्यामुळे. त्याला ह्यूगो पारितोषिक मिळालं हे खरं, पण पुढचे भाग जाड होत गेले आणि रोबोच्या कादंबऱ्यांशी सांधे जुळवण्यात गुंतले. सरांनी तरी नेलंच. मास्तर लोक.

इंजिनिअरिंगची मुलं अलीकडे लिऊ त्सिशिनचं ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ मागतात. लेखक शान्शी प्रांतातल्या वीजनिर्मिती केंद्रात इंजिनिअर होता म्हटलं की त्यांना आपलाच कोणी वाटतो. इंग्रजी पुस्तक उघडतं ते सांस्कृतिक क्रांतीत, भर सभेत रेड गार्ड भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला मारून टाकतात आणि त्याची मुलगी बघत असते तिथे. चिनी पुस्तकात हे प्रकरण मधे दडवलेलं होतं. केन लिऊने २०१४च्या अनुवादात ते लेखकाच्या संमतीने पुढे आणलं. फार बरं केलं, त्या दारातून शिरल्याशिवाय त्या मुलीचा पुढचा निर्णय कळत नाही. या मालिकेत मी पहिल्या भागावर थांबू देत नाही. कळस दुसऱ्यात आहे, ‘द डार्क फॉरेस्ट’मध्ये. त्याची पहिली दीडशे पानं मात्र नायकाच्या स्वप्नसुंदरीपायी वाया गेलीत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी पुस्तक देतानाच सांगून टाकते. आधी सांगितलं की माणूस ती पानं निमूट ओलांडतो.

सध्या मात्र शिफारस मलाच ऐकावी लागतेय. अकरावीतल्या एका मुलीने मार्था वेल्सची ‘मर्डरबॉट डायरीज’ आणून दिली. सुरक्षेसाठी बनवलेला, अर्धा यंत्र असलेला रक्षक. स्वतःवरचा ताबा त्याने गुपचूप मोडून काढलाय, आणि त्या स्वातंत्र्याचं करतो काय, तर मालिका बघत बसतो. माणसांनी आपल्याशी बोलू नये एवढीच अपेक्षा. ‘‘काकू, पहिली चार पुस्तकं लहान लहान आहेत,’’ ती म्हणाली, ‘‘तिथे थांबलात तरी चालेल, पण पाचवं मोठं आहे आणि मला आवडलंय, तेव्हा बघा.’’ पाचवं आमच्याकडे नाही. खरेदीच्या यादीत लिहिलंय.