मोरीवरची फळी

घर जितके लहान, तितका घरातल्या माणसांना नीटनेटकेपणाचा उमाळा मोठा. मोठ्या वाड्यातल्या माणसाला पसारा नकोसा झाला की तो उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. आम्हा चाळकऱ्यांना ती सोय नाही. आमची गिरणगावातली खोली दहा बाय पंधराची, आणि तिच्या कोपऱ्यात तीन बाय चारची मोरी. आंघोळ, भांडी, धुणे, सारे तिथेच. तिच्या वर, हात वर केला की पोहोचेल अशा उंचीवर, वडिलांनी ठोकलेली एक लाकडी फळी आहे. धुण्याचे सारे सामान त्या फळीवर. ही हकिगत त्या फळीची आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही धंद्यांत माणसाला एक खोड लागते : दिसेल ते नीट मांडून ठेवण्याची. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी नजर त्या फळीवर पडली, आणि मला माझीच लाज वाटली. बिस्किटांच्या गंजक्या डब्यात धुण्याचा सोडा. फुटक्या बशीत साबणाची वडी. खोकल्याच्या औषधाच्या चपट्या बाटलीत नीळ. खळीचा साबुदाणा कान तुटलेल्या पितळी कपात. खिळ्याला रिठ्यांची पिशवी, तीही जुन्या परकराची. ज्याच्या वर्गात पोरांना मांडणीचे गुण मिळतात, त्याच्या घरी ही मांडणी!

मी बाजारातून एकसारख्या झाकणांच्या सहा पांढऱ्या बरण्या आणल्या. सुंदर वळणाच्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहून त्यांवर डकवल्या : सोडा, पावडर, रिठे, नीळ, खळ, ब्लीचिंग. मोरी घासायचे ॲसिड दाराआड जमिनीवर होते, गळ्याला चिंधी बांधलेले. चिंधी सोडून तेही फळीवर नेले, ब्लीचिंगच्या शेजारी. दोन्ही पांढरी दिसत होती, एकमेकांना शोभत होती. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, अगदी दुकानासारखं दिसतंय हो!" मी प्रसन्न झालो. आई पाटावर बसून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "बरं केलंस."

आईच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. या रोगात आधी कडेचे दिसणे जाते आणि गेलेले परत येत नाही. समोरचा माणूस दिसतो, पण बाजूला ठेवलेला तांब्या दिसत नाही. आता समोरचेही तिला धुक्यातल्यासारखे दिसते. तरी स्वतःचे लुगडे-पातळ ती स्वतः धुवायची. माझे शाळेचे पांढरे सदरेही तिचेच काम. "डोळ्यांनी कुठं धुतात?" असे म्हणायची.

पंधरा दिवस गेले. एके दिवशी वलणीकडे पाहताना माझ्या लक्षात आले, आईचे पातळ तिथे पूर्वीसारखे दिसत नाही. सौभाग्यवतींना विचारले तर म्हणाल्या, "अलीकडे मलाच धुवायला देतात. म्हणतात, कंबर धरते." कंबर मला खरी वाटली. बहात्तराव्या वर्षी कंबर धरायचीच.

मग एकदा ट्रंकेत काही कागद शोधताना तळाशी तिचे हिरवे सुती पातळ सापडले. घडी घालून, दडवून ठेवलेले. उलगडले तर पदराला पांढरे डाग, कुणी रंगच पिऊन टाकावा तसे. पाहताक्षणी मी ओळखले. पदरावर तेल सांडले असेल, म्हणून तिने सोडा टाकला असेल. पण हाताला लागली ती ब्लीचिंगची बरणी. सहा बरण्या सारख्या, सहा झाकणे सारखी. माझी सुंदर अक्षरे तिच्यासाठी कोऱ्या कागदाएवढीच होती. ती शाळेत कधी गेलीच नाही.

ट्रंकेजवळ बसल्या बसल्या मला दुसरे एक आठवले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. वडील घरी बसले ते बसलेच. त्यानंतर आईने दादरला तीन घरची धुणी धरली. संध्याकाळी घरी आली की याच मोरीत आमचे धुणे. त्या धुण्याच्या पैशांवर मी मॅट्रिक झालो, रंगपेटी घेतली, मास्तर झालो. आणि मास्तर होऊन मी काय केले? तिच्या हातातले एकुलते एक काम काढून घेतले, तेही नीटनेटकेपणाच्या नावाखाली. ती मला रागावली असती तर मला सोपे गेले असते. तिने कंबर पुढे केली.

दुसऱ्या दिवशी मी बरण्या उतरवल्या. सुदैवाने जुने डबे सौभाग्यवतींनी टाकले नव्हते. पण काय कुठे होते ते मला आठवेना. इतकी वर्षे पाहिलेली फळी, चित्रकलेच्या मास्तराला आठवेना! आईला विचारले. ती म्हणाली, "सांगता नाही यायचं. मला उभी कर."

मी तिला मोरीत उभे केले. तिने डोळे मिटले, तसे मिटून तरी काय फरक पडणार होता, आणि हात वर नेला. हात थांबे तिथे मी एकेक वस्तू ठेवत गेलो. डाव्या टोकाला सोड्याचा डबा. मग साबणाची बशी, मग रिठे. मध्ये मोकळी जागा. मग नीळ आणि शेवटी खळ. "मध्ये काय?" मी विचारले. "काही नाही. तिथं कपडे खळबळायचे," ती म्हणाली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती फळी म्हणजे धुणेच होते, डावीकडून उजवीकडे : भिजवणे, साबण लावणे, खळबळणे, नीळ, खळ. आणि गंजका डबा, चपटी बाटली, कान तुटलेला कप यांपैकी एकही वस्तू दुसरीसारखी हाताला लागत नव्हती. ज्याला मी गबाळेपणा म्हणत होतो ती तिची अक्षरे होती.

मी ॲसिडची बाटली पुढे केली. ती दचकली. "ही वर ठेवली होतीस? त्या ब्लीचिंगशेजारी?" मग तिने सांगितले. दादरच्या एका घरी कुणीतरी दोन्ही एकत्र ओतले होते. छातीत आग झाली, ती दोन दिवस खोकत होती. शाळेतल्या शास्त्राच्या मास्तरांना मी विचारले, तर ते म्हणाले, त्यातून क्लोरीन सुटतो, बंद मोरीत माणूस गुदमरेल. आईला क्लोरीनचे नाव ठाऊक नाही. पण ब्लीचिंगचा डबा तिने नेहमी बाहेर गॅलरीत ठेवला होता आणि ॲसिड दाराआड. बाटलीच्या गळ्याला ती चिंधी मी पुन्हा बांधली, या खेपेस माझ्या हाताने.

एक पांढरी बरणी मात्र फळीवर राहिली, पावडरीची. तिच्या चिठ्ठीवरून आईने बोट फिरवले. "हे काय चिकटवलंयस?"

"नाव लिहिलंय."

"असू दे," ती म्हणाली. "तुला लागेल."

आता आई पुन्हा धुते. फक्त निळीच्या वेळी मला हाक मारते. नीळ म्हणजे काही मळ काढणारे औषध नव्हे. जुन्या पांढऱ्यावर पिवळी झाक येते, तिला निळी झाक मारते आणि डोळ्याला ते शुभ्र वाटते, एवढीच तिची करामत. पण ती जास्त झाली तर सदरा आकाशी होतो. म्हणून आई पूर्वी बादलीतले पाणी तळहातावर घेऊन रंग पाहायची. आजही तशीच ओंजळ भरून माझ्यापुढे धरते आणि विचारते, "बघ रे, झालं?"

मी वाकून तिच्या तळहातातला रंग पाहतो. "अजून एक थेंब," असे म्हणतो, किंवा "बस." आमच्या मोरीत आता माझे काम एवढेच.