बोळ्यावर वाढलेलीं पिलें

आमच्या आत्याबाईंच्या बटव्यांत समुद्रफेनाचा एक पांढरा, ठिसूळ तुकडा नेहमीं असे. लहानपणीं आमचा कान वाहूं लागला म्हणजे त्या खलांत घालून त्याची वस्त्रगाळ पूड करीत. हा समुद्राचा वाळलेला फेंस नसून माकूल नांवाच्या जलचराच्या पाठींतलें कवच आहे, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं समजलें. आत्याबाईंना तें कधींच समजलें नाहीं, हें एका परीनें बरेंच झालें! सोवळ्याच्या फडताळांत असला जिन्नस त्यांनीं ठेविला नसता.

तो प्राणी जिवंत पाहण्याचा योग २०१५ सालीं, मुलाकडे कॅलिफोर्नियास गेलों असतां, आला. मॉन्टेरे येथें सार्डिन मासळी डब्यांत भरण्याच्या एका जुन्या कारखान्याच्या जागीं १९८४ पासून एक मोठें मत्स्यालय आहे. अष्टपाद, माकूल वगैरे जातींसाठीं तेथें २०१४ सालीं एक खास दालन उघडलें होतें. सूनबाईंचे दिवस भरत आलेले. फार चालवत नसे. म्हणून त्यांच्यासोबत आम्ही एका टांकीसमोर बसून राहिलों.

टांकींत बोटभर लांबीचा एक प्राणी वाळूवर चक्क चालत होता. पिवळा, जांभळा, तपकिरी असे रंग त्याच्या अंगावरून लाटांसारखे सरकत होते. ही इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियाकडील जात. पाठींतलें कवच लहान, म्हणून हिला फार वेळ तरंगणें जमत नाहीं. तीन हृदयें, निळसर रक्त. आणि इतके रंग पालटूनही स्वतःला रंग ओळखतां येत नाहींत, असें शास्त्रज्ञ मानतात.

“किती वर्षांचा हा?” आम्ही जवळच्या एका वृद्ध स्वयंसेविका बाईंना विचारलें.

“वर्षांचा नव्हे, महिन्यांचा,” त्या म्हणाल्या. “सारें आयुष्यच वर्षभराचें.”

मादी एकेक अंडें कपारींत लपविते. समुद्रतळाशीं नारळाची करवंटी मिळाली तर तिच्या आंत चिकटविते. अंडीं घालून झालीं कीं लौकरच मरते. पिलांचें तोंड ती पाहत नाहीं. त्यामुळें नवी पिढी हातांनीं वाढविली नाहीं तर टांकी रिकामी पडावयाची. अंडीं वाहत्या पाण्यांत जपावीं लागतात. वाटाण्याएवढीं पिलें बाहेर पडलीं कीं त्यांना जिवंत, हलणारी बारीक कोळंबीच लागते, आणि तीही दिवसांतून अनेक वेळां. (आमच्या शाकाहारी मनास तें पाहवलें नाहीं, पण इलाज काय?) पुढें मेलेली कोळंबी काडीनें हलवून, जिवंत भासवून, हळूहळू त्यांना तिची संवय लावतात. “आमच्याकडे याला उष्टावण म्हणतात,” असें आम्ही सांगतांच बाई खळखळून हंसल्या. एकदम दिवा लागला तरी पिलें दचकून मागें झेपावतात आणि शेपटीकडचा भाग कांचेवर आपटून जखम होते. म्हणून सेवकांनीं तेथें बाळंतिणीच्या खोलींत वावरावें तसें वावरावयाचें.

अभिमन्यूची कथा वाचकांस ठाऊकच आहे. नॉर्मंडींतील संशोधकांनीं २००८ सालीं युरोपांतील माकुलावर केलेला एक प्रयोग तिची आठवण करून देतो. एरवीं पिलें कोळंबीच पसंत करतात. पण अंड्यांत असतांनाच ज्यांना बाहेरचे खेकडे दिसत राहिले, त्यांनीं जन्मल्यावर खेकडेच निवडले. आई नसतांही शिकणें थांबत नाहीं, तर!

पण शिकणें निराळें आणि जगणें निराळें. आमची आई आमच्या जन्मानंतर अकराव्या दिवशीं वारली. आत्याबाई बालविधवा, त्यांनीं आम्हांस बोळ्यानें गाईचें दूध पाजून जगविलें. रात्रींतून त्या किती वेळां उठत, हें आम्ही त्यांना कधीं विचारलें नाहीं. पुढें त्या आजारी असल्याचें पत्र आलें तेव्हां आमची परीक्षा जवळ आली होती. आम्ही गेलों नाहीं.

“सुट्टीच्या दिवशीं यांना कोण खाऊं घालतें?” आम्ही विचारलें.

“कुणीतरी येतेंच. नाताळालासुद्धां.”

इतक्यांत टांकींतल्या त्या प्राण्यानें तोंडाजवळून दोन लांब सोंडा विजेसारख्या फेंकल्या आणि कोळंबी ओढून घेतली. सूनबाई पोटावर हात ठेवून हंसल्या. मग म्हणाल्या, “बाबा, मुलगी झाली तर... आत्याबाईंचें नांव काय होतें हो?”

घरांत सारे त्यांना आत्याबाईच म्हणत. नांव आठवावयास आम्हांस बराच वेळ लागला.