अंधार आणि खळीची वाटी

दिवाळीच्या सुट्टीत घरात फराळाची कढई चढली, की मुलांना दुपारभर कुठे धाडावे हा प्रश्न फार जुना आहे. आमच्या लहानपणी मॅटिनी हे त्याचे उत्तर होते. यंदा आमच्या सोसायटीने तेच पुन्हा काढले : सभागृहात दुपारी दोनला सिनेमा, आणि तो संपला की मुलांनी मोठ्यांना हाताशी घेऊन आकाशकंदील करायचे.

सिनेमा ठरला ‘श्यामची आई’. सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले पुस्तक, त्यावरचा आचार्य अत्र्यांचा १९५३ चा बोलपट, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक. नाही कोण म्हणणार? पण तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाची आई याच श्रावणात गेली होती, आणि सिनेमातही शेवटी आई जाते. बैठकीत कुणी म्हणाले, ‘काहीतरी विनोदी लावू या.’ कुणी म्हणाले, ‘त्या दुपारी त्याला कुठे बाहेर नेऊ.’ दोन्ही सूचना प्रेमाच्याच. पण दुसरी मला मुळीच रुचली नाही. दुःख झालेल्या पोराला सणाच्या दिवशी चारचौघांतून उठवायचे, आणि त्यालाच जपणे म्हणायचे! अखेर त्याच्या आजींनाच विचारले. त्या म्हणाल्या, ‘तोच लावा. घरी तो माझ्यापुढं रडत नाही, मी रडेन म्हणून. तिथं अंधार असेल.’

मोबाइलवर बोटे फिरवणारी मुले काळ्यापांढऱ्या चित्राला कंटाळतील अशी धास्ती होती. पहिला अर्धा तास ती खरीही ठरली. पण तळवे मळू नयेत म्हणून श्याम आईला पदर पसरायला लावतो, तिथे चुळबूळ थांबली. शेवटी तर बापमंडळीच चष्मे पुसू लागली. अंधारात कोण रडते ते कळत नाही, हा थिएटरचा मोठा गुण. घरच्या टीव्हीला तो नाही.

दिवे लागले. टेबलांवर कामट्या, दोरा, पतंगी कागद आणि खळीच्या वाट्या. पूर्वी झुरळे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालीत. मुलांच्या हातांसाठी आम्ही तो वगळला. कामट्यांचा सांगाडा लहान मुलाला एकट्याने बांधता येत नाही, हे फार बरे आहे. एकाने धरायचे, दुसऱ्याने दोरा आवळायचा. मध्येच कुणाचे तरी बोट गाठीत अडकते आणि हसू येते. शिवाय डोळे लाल असले, तरी मान खाली घालून काम करता येते.

तो मुलगा माझ्यासमोरच बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘आजोबा, आमच्याकडे यंदा कंदील लावायचा नाहीये.’

‘मग हा?’

‘आईला पांढरा आवडायचा.’

त्याने सगळा कागद पांढराच लावला. आजी न्यायला आल्या, तेव्हा तो जरासा कंदिलापुढे सरकला. त्यांनी तो उचलून उजेडात धरला.

‘बाहेर नको हो. आत, माझ्या खाटेवर टांगू,’ असे म्हणून त्या खुर्ची ओढून बसल्या आणि झिरमिळ्या कापायला कात्री मागू लागल्या.