इरले

नगर जिल्हा म्हटला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ज्वारीची वावरे, चारा-छावण्या, आणेवारीचे वाद आणि मृगाची वाट पाहणारी माणसे उभी राहतात, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. परंतु याच जिल्ह्याच्या (नाव आता अहिल्यानगर झाले आहे) पश्चिम टोकास, अकोले तालुक्यात, जेथे सह्याद्रीची धार एकदम कोकणात कोसळते, तेथे रतनगडाच्या पायथ्याशी प्रवरेच्या उगमाला बिलगून असलेली रतनवाडी, तिच्या पलीकडचे साम्रद, कड्याच्या काठावरचे घाटघर अशी काही गावे आहेत की ज्यांच्या पावसाळ्याचे वर्णन उरलेल्या जिल्ह्याला अतिशयोक्ती वाटावे. नगर शहरी वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तर लोक समाधानाने पोळा साजरा करतात. घाटघरला तो चार-पाच हजार मिलिमीटर पडतो. या पावसात राहायचे तर घर हवे, चूल हवी, आणि घराबाहेर पडायचे तर इरले हवे.

माझे वडील महसूल खात्यात तलाठी होते. आमचे मूळ घर नेवासे तालुक्यात, म्हणजे प्रवरा जेथे गोदावरीस मिळते त्या शेवटच्या टोकाला; आणि १९५८च्या सुमारास त्यांची बदली झाली ती नेमकी त्याच नदीच्या उगमाकडील एका सजाला. पावसाळ्याची बेगमी भरून घेतल्यावर तेथल्या वाड्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ तुटत असे. हिरडा, जांभूळ, अंजनी यांच्या गर्द रानातून धुके कुडाच्या भिंतींपर्यंत येई, कारवीच्या त्या भिंतींवरचे शेणामातीचे लिंपण ओल धरी, धुतलेले कपडे चुलीच्या धुरावरच वाळत आणि शाळेतही आमच्या अंगाला तो धुराचा वास येई. नदी घरापासून हाकेच्या अंतरावर होती, पण दिवसचे दिवस ती दिसत नसे, नुसती ऐकू येई.

वडिलांनी नेवाशाहून एक चांगली काळी छत्री नेली होती. पहिल्याच फिरतीत घाटघरच्या माळावर वाऱ्याने ती उलटी केली, काड्या मोडल्या, आणि बरोबरचा म्हातारा गावकरी हसू आवरीत म्हणाला, ''भाऊसाहेब, छत्री कचेरीत बरी. हितल्या वाऱ्याला ती चालत न्हाई.'' दुसऱ्या दिवशी त्याने एक इरले आणून ओसरीवर टेकवून ठेवले. सरकारी माणसाने फुकट काही घेऊ नये, म्हणून वडिलांनी पैसे पुढे केले. म्हाताऱ्याने ते घेतले नाहीत, पण आईने दिलेली गुळाची ढेप मात्र नेली.

इरले ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे की ती टोपी नव्हे आणि छत्रीही नव्हे. कळकाच्या बारीक पात्या काढून त्यांची विरळ, षट्कोनी छिद्रांची जाळी विणतात. तशा दोन जाळ्यांच्या मध्ये कुंभ्याची किंवा पळसाची रुंद पाने कौलांसारखी एकावर एक चढवून दाबतात आणि कडा वळून बांधून टाकतात. डोक्यावर घेतले की ते पाठीवरून कमरेखाली उतरते, आणि माणूस वाकला की पाठीवर पक्के छप्पर बसते. सारी खुबी त्या वाकण्यातच आहे, कारण ताठ उभे राहून चालणाऱ्यासाठी ते केलेलेच नाही. आषाढात भाताच्या आवणीच्या दिवशी खाचरात दहा-बारा बाया ओळीने ओणव्या झालेल्या असत. मागून पाहिले तर माणसे दिसतच नसत, फक्त इरल्यांची रांग चिखलातून इंचाइंचाने मागे सरकताना दिसे, आणि रोपाच्या मुठी सुटत, बोटे चिखलात शिरत, वर येत. छत्री का वापरत नाही, असे मी शेजारच्या आजीला विचारले तेव्हा ती म्हणाली, ''आरं, येक हात छत्रीला दिला, मंग आवणी कोन करील?'' नांगरामागचे पुरुष घोंगडीची खोळ घेत. घोंगडी भिजली की जड होई, म्हणून काहींना इरल्याचा हेवाही वाटे, पण पुरुषाने ते डोक्यावर घ्यायचे नाही असा एक अलिखित कायदा होता. वडिलांनी तो मोडला. त्यांना गावात कोणी हसल्याचे मला आठवत नाही. अर्थात तलाठ्याला तोंडावर कोण हसणार!

बदली होऊन आम्ही परतलो तेव्हा ते इरले बरोबर आले. नेवाशाला त्याचा उपयोग असा काही नव्हताच. शेजारीपाजारी येऊन ते उलटसुलट करून पाहत, आणि एवढा पाऊस याच जिल्ह्यात पडतो यावर कोणी विश्वास ठेवीत नसे. आजीने शेवटी खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवून वरून ते झाकले, आणि अशा रीतीने त्याची सोय लागली.

पुढे मी पाटबंधारे खात्यात कारकुनी पत्करली आणि श्रीरामपूरकडच्या एका कचेरीत बसू लागलो. तेथे इरले पुन्हा भेटले, पण आकड्यांच्या रूपाने. पावसाळ्यात रोज सकाळी प्रवरेवरच्या भंडारदरा धरणावरून निरोप येई : घाटघर इतके, रतनवाडी इतके, पांजरे इतके, धरणात साठा इतका. मी ते आकडे वहीत चढवी, आणि घाटघरपुढे दोनशेच्या वरचा आकडा पडला की बाहेर बसलेल्या बागाईतदारांच्या चेहऱ्यांवर रंग चढे. साहजिकच होते ते. १९१०मध्ये सुरू होऊन १९२६मध्ये पुरे झालेले हे दगडी धरण अकरा हजार दशलक्ष घनफुटांवर पाणी धरते. ते पाणी रंध्याच्या धबधब्यावरून उतरते, संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्याशी डाव्या-उजव्या कालव्यांत वाटले जाते, आणि त्याच पाण्यावर प्रवरेच्या खोऱ्यातला ऊस, १९५०मध्ये लोणीला उभा राहिलेला सहकारी कारखाना, शाळा, दवाखाने, राजकारण, सगळे उभे आहे. नमुना नंबर सातचे पाणीअर्ज मी गठ्ठ्यांनी हाताळले. त्यांत गाव, गट नंबर, पीक, क्षेत्र, थकबाकी हे सारे असे. हे पाणी ज्यांच्या पाठीवर पडून खाली आले त्यांचा रकाना मात्र त्या नमुन्यात नव्हता. असण्याचे कारणही नव्हते, पण मला तो दिसत राही.

निवृत्तीनंतर त्या बाजूस जाणे वाढले. इरली आता फार थोडी दिसतात. आवणीच्या बायांच्या अंगावर निळे-पिवळे प्लास्टिकचे कागद असतात, आणि त्याबद्दल हळहळणाऱ्या शहरी पाहुण्यांशी माझे मुळीच जमत नाही. कागद स्वस्त, हलका, बाजाराच्या दिवशी राजूरला सहज मिळणारा. इरले विणायला दिवस मोडावा लागतो, आणि १९८६मध्ये हा मुलूख कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आल्यापासून कळकाला कोयता लावणे ही नुसती घरगुती बाबही उरलेली नाही. बायाच सांगतात की कागद अंगाला चिकटतो, आत घाम धरतो, वाऱ्यात फडफडतो. तरीही त्यांनी निवडला आहे तो कागदच. एक इरले मात्र मी जलाशयाकाठच्या एका निवासस्थानाच्या भिंतीवर पाहिले, रोगण दिलेले, आत दिवा बसविलेले. ते वाईट दिसत नव्हते.

मला खुपते ते निराळे. ज्या वाडीत श्रावणात घरातून बाहेर पडवत नाही, त्याच वाडीतल्या विहिरी वैशाखात तळ गाठतात, आणि आवणीत ओणवी झालेली तीच बाई हंडा घेऊन उतार उतरते. खाली, नजरेच्या टप्प्यात, भंडारदऱ्याचे पाणी असते, त्याचे आवर्तन ठरलेले असते, ते कोणाच्या शेताला किती दिवस मिळायचे याचा तंटाही ठरलेला असतो. पाऊस वर आणि पाणी खाली, ही व्यवस्था निसर्गाने थोडी आणि आपण पुष्कळ केलेली आहे. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत पाळीसाठी भांडणाऱ्या माझ्या नेवासे-श्रीरामपूरकडील बांधवांना एवढीच विनंती आहे की, पुढच्या बैठकीत पहिला विषय घाटघर-रतनवाडीच्या वाड्यांना उन्हाळ्यात पिण्याचे पाणी देण्याचा घ्यावा, तो मंजूर करून घ्यावा, आणि मग आवर्तनावर हवे तितके भांडावे.